परग्रहांचे गॅझेटिअर

जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुठलाही जिल्हा-खंड काढून पाहा. लोकसंख्येच्या प्रकरणात एकामागून एक जाती येतात आणि प्रत्येकीची नोंद जवळपास एकाच साच्यात घातलेली असते. वस्ती कुठे, अंगकाठी कशी, घरात कोणती भाषा, जेवणात काय, अंगावर काय, लग्न आणि मर्तिकाच्या चाली कोणत्या, आणि मध्येच कुठेतरी दोन-चार विशेषणांत उरकलेला स्वभाव: कष्टाळू, काटकसरी, आळशी, भांडखोर. एंथोवेन यांचे मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरचे तीन खंड 1920 ते 1922 या काळात आले, तेही याच वळणाचे. आता 1980 च्या दशकातले, एखाद्या परग्रहावरच्या काल्पनिक प्रजातीची माहिती देणारे अमेरिकन खेळाचे पुस्तक त्याच्या शेजारी ठेवा. क्रम तोच आहे. शरीर, मूळ ग्रह, आहार, कुटुंबव्यवस्था, भाषा, शस्त्रे आणि स्वभाव. खेळ रचणाऱ्यांनी कॅम्पबेल वाचले होते, असे मला म्हणायचे नाही. हा साचा मुंबई सरकारपेक्षा जुना आहे, प्रवासवर्णने आणि लष्करी माहितीपुस्तके यांतून तो जगभर पसरला होता, आणि ज्याला अनोळखी लोकांचे वर्णन थोडक्यात करायचे असते त्याच्या हाताशी तो आपसूक येतो. पण साचा आला की त्याच्याबरोबर नजरही येते. लिहिणारा बाहेर उभा, ज्यांच्याबद्दल लिहायचे ते आत, आणि सगळ्या जमातीचा मिळून स्वभाव एक. विज्ञानकथेवरच्या रोलप्लेइंग खेळांनी हा साचा उचलला. मात्र त्या खेळांची एक गरज अशी होती, जी गॅझेटिअरला कधीच पडली नव्हती: वाचणाऱ्याला त्या जमातीपैकी एक होऊन ‘मी’ म्हणावे लागे. माझा मुद्दा असा की परग्रहवासी रचण्याच्या या कलेत जे काही चांगले घडले, ते याच गरजेपायी घडले, आणि जिथे ही गरज नव्हती तिथे जुनी नजर जशीच्या तशी राहिली.

खेळाची रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण पंचाचे काम करतो, म्हणजे जग कसे आहे, समोर काय दिसते आहे ते सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्याच्या वतीने बोलतात: मी दार उघडतो, मी त्याच्याशी सौदा करतो, मी पळून जातो. जमले की नाही ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधून 1974 साली हा प्रकार छापील रूपात बाजारात आला, तेव्हा त्यातली बुटकी खाणकरी माणसे आणि लांब कानांची वनवासी माणसे युरोपीय परीकथांमधून आणि टोल्किनकडून घेतलेली होती. परग्रहवासी मात्र विज्ञानकथेकडून घ्यावे लागणार होते, आणि तिथे तोवर बरीच मेहनत झालेली होती. वेल्सने 1898 मध्ये मंगळावरून आणलेले आक्रमक पूर्णपणे बाहेरून पाहिलेले आहेत, त्यांच्या मनात काय चालते ते कळायला वाटच नाही. स्टॅन्ली वाइनबॉमच्या 1934 मधल्या कथेत ट्वील नावाचा मंगळवासी मैत्री करतो, पण त्याचा विचार माणसाच्या पकडीत पुरता येत नाही. सर्वांत काटेकोर काम हॅल क्लेमेंटचे. 1953 च्या ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’त त्याने मेस्क्लिन नावाचा चपटा, भोवऱ्यासारखा वेगाने फिरणारा ग्रह आकडेमोड करून रचला. तिथे विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवांजवळ शेकडो पट. अशा ठिकाणी प्राणी कसा असेल? जमिनीला चिकटून चालणारा, गोमेसारखा, जेमतेम 15 इंच लांब, आणि उंचीला विलक्षण घाबरणारा, कारण तिथे टीचभर पडणेही जीवघेणे. इथवर अगदी चोख आहे. पण या गोमांचा नाखवा बार्लेनन बोलायला लागला की एखाद्या धूर्त दर्यावर्दी व्यापाऱ्याला ओळखावे इतक्या सहज आपण त्याला ओळखतो. भौतिकशास्त्राने त्याला एक भीती दिली. बाकी मन क्लेमेंटने ओळखीच्याच बाजारातून आणले. शरीर कितीही परके रचले तरी त्यातून परके मन आपोआप निघत नाही, हे या उत्तम कादंबरीवरूनच दिसते, आणि खेळ रचणाऱ्यांना पुढे याच ठिकाणी अडायचे होते.

छापील खेळांत परग्रहावरच्या जमातींचा पहिला भरगच्च संसार मांडला तो एम. ए. आर. बार्कर यांनी, ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या 1975 च्या खेळात. इथे आपल्या उपखंडाचा खराखुरा धागा लागतो. बार्कर भाषाशास्त्रज्ञ होते, मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवत. उर्दूची आणि बलुची भाषेची त्यांची पाठ्यपुस्तके प्रसिद्ध आहेत, आणि ऑरेगनमधल्या क्लॅमथ आदिवासींच्या भाषेचे व्याकरण व कोश त्यांनी केले होते. त्यांचा टेकुमेल हा ग्रह दूरच्या भविष्यात माणसांनी वसाहत केलेला. माणसांबरोबर इतर ताऱ्यांवरून आलेल्या जमातीही तिथे नांदतात: सरपटणाऱ्या प्राण्यांसारखे शेन, कीटकांसारखे पे चोई, चारी बाजूंनी सारखे दिसणारे अहोग्या. आणि मूळ रहिवासी असलेले स्सू, ज्यांना माणसांनी त्यांच्याच ग्रहावर कोपऱ्यात रेटले. शिळ्या दालचिनीसारखा वास येणाऱ्या या स्सूंना पुस्तकात जागा आहे ती कायमचे वैरी म्हणून. भाषा, लिपी, देवदेवता, कुळे, मानापमान यांचा इतका बारीक तपशील त्याआधी कुठल्याच खेळात आला नव्हता. तरीही खेळणारा त्या जगात शिरतो तो जाकाल्ला बंदरात उतरलेला उपरा म्हणून, परदेशी आणि हक्कहीन. त्याला शहर दिसते ते बाहेरून आलेल्याला दिसावे तसे. ‘मी’ आहे, पण तो जमातीतला नाही, तिच्याकडे पाहणाऱ्याचा आहे. बार्कर 2012 मध्ये वारले. त्यांच्या साहित्याचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने 2022 मध्ये मान्य केले की 1991 साली टोपणनावाने निघालेली एक नवनाझी कादंबरी त्यांनीच लिहिली होती. याचा डाग त्यांच्या जुन्या कामावर मागे जाऊन लावावा का, यावर लोक भांडत राहतील. माझ्या मुद्द्यापुरते त्यातून एवढे निघते की परक्या लोकांचे व्याकरण, चालीरीती, नातेसंबंध सखोल ठाऊक असणे ही एक गोष्ट आणि त्यांच्या जागी स्वतःला ठेवणे ही निराळी. पहिलीत दुसरी आपोआप येत नाही. आपल्या गॅझेटिअरच्या कर्त्यांनाही माहितीची वाण नव्हती.

यानंतर दोन वर्षांनी, 1977 मध्ये, इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावातून ‘ट्रॅव्हलर’ निघाला. गेम डिझाइनर्स वर्कशॉप ही मूळची युद्धपटांचे खेळ काढणारी छोटी कंपनी, कर्ता मार्क मिलर, आणि एका डबीत तीन काळ्या पातळ पुस्तिका. अंतराळातल्या खेळाच्या या आद्य पुस्तकांत परग्रहावरची एकही तयार बुद्धिमान जमात नव्हती. त्याऐवजी होत्या पद्धती. फासे टाकून ग्रह घडवायचा: आकार, वातावरण, पाण्याचे प्रमाण, लोकसंख्या, राज्यपद्धती, कायद्याचा कडकपणा. आणि प्राण्यांसाठी एक तक्ता, जो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशार कागद वाटतो. त्यात प्राण्यांची विभागणी रूपावरून केलेलीच नाही. केली आहे ती पोट भरण्याच्या रीतीवरून. चरणारे, पाठलाग करून मारणारे, दबा धरून झडप घालणारे, सापळा रचून बसणारे, दुसऱ्याने केलेली शिकार दमदाटी करून बळकावणारे, कुजलेले खाणारे. पाय किती, रंग कोणता, हे पंचाने हवे तसे ठरवावे. सापळा रचणारा प्राणी पाण्यात असो की वाळवंटात, तो कसा वागेल हे तक्त्याने आधीच बांधून दिलेले. प्राणी म्हणजे दिसणे नसून वागणे, हा विचार इथे पक्का झाला, आणि सात वर्षांनी त्याच कंपनीने बुद्धिमान जमाती लिहायला घेतल्या तेव्हा तो कामी आला.

मधल्या काळात जमाती आल्या होत्या, पण गॅझेटिअरच्या वाटेने. ट्रॅव्हलरच्या जगात माणसांचे एक अवाढव्य साम्राज्य होते आणि जमाती त्याच्या सीमांवर. खेळासाठी निघणाऱ्या नियतकालिकात ‘काँटॅक्ट’ या सदराखाली एकेका जमातीची ओळख येई, आणि ती साहजिकच साम्राज्याच्या चष्म्यातून असे. व्हार्गर म्हणजे लांडग्यांसारखे, सीमेवरचे लुटारू. झोदानी म्हणजे मन वाचणारे शत्रू, ज्यांच्याशी झालेल्या युद्धाचा पटखेळही 1981 मध्ये निघाला. अस्लान म्हणजे सिंहासारखे, मानी, जमिनीसाठी जीव देणारे. हे सगळे नकाशाच्या कडेला लिहिलेल्या टिपांसारखे होते. मग 1984 पासून एकेका जमातीवर स्वतंत्र पुस्तक काढण्याची मालिका सुरू झाली. पहिले अस्लान, मग क’क्री, व्हार्गर, पुढे झोदानी, ड्रॉयन, हायव्हर. कीथ बंधू, जॉन हार्शमन, मिलर अशा मंडळींनी ती लिहिली. या पुस्तकांतही शरीर, ग्रह, भाषा, इतिहास अशी प्रकरणे आहेतच. पण त्यांचा अर्धा भार दुसऱ्याच कशावर आहे: त्या जमातीचे पात्र तयार करण्याचे नियम. आणि नियम लिहायला बसले की विशेषणांनी भागत नाही. ‘अस्लान मानी असतात’ हे वाक्य फाशांना समजत नाही.

अस्लानांचे पाहा. अस्लान पुरुषाला पैशाचा व्यवहार कळत नाही, कळू नये असेच त्याला वाढवलेले असते. त्याची इभ्रत जमिनीवर ठरते. पैसा, व्यापार, शास्त्र, हिशेब हे स्त्रियांचे क्षेत्र. बाहेरून पाहणाऱ्याने एवढे लिहून पान उलटले असते. खेळात मात्र एखादा माणूस टेबलाशी बसून अस्लान पुरुष होणार, आणि पहिल्याच बंदरात जहाजाच्या इंधनाचे पैसे द्यायची वेळ येणार. म्हणून पुस्तकाने एक निराळे कौशल्यच निर्माण केले. अस्लान पुरुषाला पैशाचा व्यवहार कितपत झेपतो, याचे मोजमाप. ते ज्याच्याकडे नाही त्याने बहीण, बायको किंवा घरातली कुणी बाई बरोबर घ्यावी, नाहीतर फसवून घ्यावे. एका नियमात एक समाज उभा राहिला. धाकटे मुलगे, ज्यांच्या वाट्याला वडिलोपार्जित जमीन येणार नाही, ते ताफे घेऊन दुसरीकडे जमीन शोधायला निघतात. साम्राज्याला ते आक्रमण दिसते, त्यांना ते हक्काचे हिस्से दिसतात. वतनासाठी पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्या झिजवणाऱ्या समाजात वाढलेल्या वाचकाला यात परग्रहावरचे फारसे काही वाटणार नाही, ही गोष्ट वेगळी. व्हार्गरांच्या बाबतीत हेच जास्त नेमके झाले. माणसांच्या पात्राला जन्माने मिळालेल्या सामाजिक दर्जाचा एक आकडा असतो. व्हार्गरांसाठी तो काढून टाकला आणि त्याजागी दुसऱ्याला आपल्यामागे ओढून नेण्याची ताकद मोजणारा आकडा आणला. लढाई जिंकली की तो चढतो, हरली की उतरतो. हरलेल्या नायकाला सोडून जाणे हा द्रोह नाही, शहाणपणा आहे, कारण आकडाच तसे सांगतो. ‘बेभरवशाचे लुटारू’ हे साम्राज्याचे विशेषण आतून पाहिले तर असे दिसते. खेळणाऱ्याने दोन संध्याकाळी व्हार्गर म्हणून घालवल्या की हरलेल्या सरदाराच्या मागे राहणारी माणसेच त्याला विचित्र वाटू लागतात.

क’क्रींचे पुस्तक या रीतीची कड दाखवते. ते कळपाने राहणारे शाकाहारी, चार पायांवर उभे, बंद जागेत गुदमरणारे, आणि मांसाहारी प्राण्यांना विश्वातून नाहीसे करणे हे पवित्र कर्तव्य मानणारे. अहिंसा आणि शाकाहार एकाच पंगतीत बसवायची सवय असलेल्या आपल्याकडच्या वाचकाने इथे जरा थांबावे: चरणारे प्राणी सौम्यच असतात हे गृहीत धरण्याचे कारण नाही, कळपाची भीती संघटित झाली तर ती कुठवर जाईल, असा तो तर्क आहे. पण एकटा क’क्री ही वस्तूच संभवत नाही. एकटेपणात तो वेडा होतो. म्हणून खेळणाऱ्याला एक पात्र घेऊन चालत नाही, त्याच्याबरोबर बायका, नोकर, नातलग असा गोतावळा घ्यावा लागतो. अशी जमात फारशी खेळली जाणार नाही हे उघड होते. तरी त्यांनी तिचे नियम लिहिले, आणि लिहिताना ‘मी’ ऐवजी ‘आम्ही’ म्हणणारे पात्र कसे चालवायचे या अडचणीला हात घातला. जमलेच असे म्हणवत नाही.

सगळ्यांत ठळक पुरावा झोदानींचा. शरीराने ते माणूसच. इतर मानवी जमातींप्रमाणे त्यांची रवानगीही प्राचीन नावाच्या लुप्त जमातीने तीन लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नेलेल्या आदिमानवांच्या खात्यावर टाकलेली आहे. विश्वभर माणसे कशी, या प्रश्नाची खेळाने लावलेली ही सोयीची वासलात. 1985 च्या पुस्तकाआधी झोदानी म्हणजे विचारांवर पहारा ठेवणारी जुलमी राजवट एवढेच चित्र होते. पुस्तकाने एकही वस्तुस्थिती बदलली नाही. सरदार मन वाचतात, सामान्यांचे विचार तपासले जातात, बिघडलेल्यांवर ‘उपचार’ होतात. बदलली ती बोलणाऱ्याची जागा. जिथे कुणी खोटे बोलू शकत नाही तिथे गुन्हा हा आजार ठरतो, प्रामाणिकपणा हवेसारखा असतो, आणि साम्राज्यातली माणसे म्हणजे मनात एक आणि तोंडात एक ठेवणारी खोटारडी जात. झोदानी खेळाडू या तिटकाऱ्यापासून सुरुवात करतो. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो यासाठी की व्यवस्था भयंकर आहे हे त्याला ठाऊक असूनही तिच्या आतले जगणे त्याला पटते. जवळपास त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीत असेच काही घडत होते. फासा कंपनीच्या ‘स्टार ट्रेक’ खेळासाठी कादंबरीकार जॉन एम. फोर्ड याने क्लिंगन लोकांवरचे पुस्तक 1983 मध्ये लिहिले, आणि त्याच मांडणीवर 1984 मध्ये ‘द फायनल रिफ्लेक्शन’ ही कादंबरी. 1960 च्या दशकातल्या दूरचित्रवाणी मालिकेत क्लिंगन हे शीतयुद्धातले ठोकळेबाज शत्रू होते. फोर्डने त्यांना वाढणारी गोष्टच जिवंत राहते, थांबली की मेली, हे राज्यशास्त्र दिले, क्लिन झा नावाचा बुद्धिबळासारखा खेळ दिला, घराणी, दत्तकविधान, मेल्यानंतरच्या काळ्या आरमाराची श्रद्धा दिली. पुढच्या अधिकृत मालिकांनी वेगळी वाट धरली आणि मानासाठी मरणारे योद्धे हे रूप रूढ झाले. मला फोर्डचे क्लिंगन जास्त विचारी वाटतात, आणि याचे श्रेय मी निम्मे त्याच्या प्रतिभेला व निम्मे त्या खेळाला देतो, कारण त्याला असे काही लिहायचे होते जे हजारो अनोळखी खेळाडूंना उद्या संध्याकाळी वापरता येईल.

उलट बाजूचा पुरावाही तेवढाच बोलका आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची टीएसआर कंपनी 1982 मध्ये ‘स्टार फ्रंटियर्स’ हा तरुण खेळाडूंसाठीचा सोपा खेळ घेऊन आली. त्यात माणसांखेरीज तीन जमाती खेळता येत. ड्रालासाइट म्हणजे हवे तिथे हात-पाय काढणारे लिबलिबीत गोळे, तत्त्वचर्चा आणि रद्दी विनोद यांचे शौकीन. व्रस्क म्हणजे कंपन्यांभोवती आयुष्य बांधलेले, आठ पायांचे व्यवहारी कीटक. याझिरियन म्हणजे पडद्यांवर तरंगणारे वानर, जे आयुष्यभराचा एक शत्रू निवडून ठेवतात. हलकेफुलके आहेत, पण प्रत्येकात काहीतरी प्रेमळ विक्षिप्तपणा आहे. चौथी जमात सॅथर. अळ्यांसारखे, संमोहन घालणारे, पकडले गेले तर जीव देणारे, आणि चारही जमातींचा सर्वनाश करायला निघालेले. का निघालेले? ते सांगण्याची गरजच पडली नाही, कारण सॅथर कुणाला खेळायचे नव्हते. एकाच पेटीत, त्याच लेखकांच्या हातून, खुर्ची मिळालेल्यांना विनोदबुद्धी मिळाली आणि न मिळालेल्यांना फक्त द्वेष.

यावर पहिला आक्षेप हा की तुम्ही धंद्याला तत्त्वज्ञानाचे कपडे घालता आहात. पंच एक, खेळाडू चार, तेव्हा खेळाडूंना उपयोगी पडेल असे पुस्तक चौपट विकले जाते, म्हणून जमाती खेळण्याजोग्या केल्या. बरोबर आहे. पण कारण बाजाराचे होते म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. नाटक कंपन्यांनी तिकिटांसाठी संगीत घातले म्हणून त्या संगीताची किंमत कमी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे आणि तो माझ्याच मुद्द्याच्या मुळावर येतो: ‘मी’ म्हणता येणे एवढेच पुरे असते, तर ‘स्टार वॉर्स’चे काय? वेस्ट एंड गेम्सने 1987 मध्ये ग्रेग कॉस्टिक्यानने रचलेला खेळ काढला. चित्रपटात क्षणभर दिसलेले मुखवटे त्यांच्यापुढे होते, आणि खेळणी करणाऱ्या केनर कंपनीने त्यांना दिलेली ‘हॅमरहेड’, ‘वॉलरस मॅन’ अशी बाजारू नावे. बिल स्लाविसेक आणि कर्टिस स्मिथ यांनी केलेल्या आधारग्रंथात आणि नंतरच्या पुस्तिकांत त्यांना जमाती म्हणून नावे मिळाली. हातोडीच्या डोक्याचा प्राणी इथोरियन झाला, हॅन सोलोच्या हातून मेलेला ग्रीडो रोडियन झाला, जाब्बाचा कारभारी ट्वी’लेक झाला. ही नावे इतकी टिकली की लुकासफिल्मने टिमोथी झानला 1991 ची कादंबरी लिहिताना संदर्भासाठी हीच पुस्तके दिली. पण जमात घडली कशी? ग्रीडो सुपारी घेऊन माणसे पकडणारा होता, म्हणून सगळे रोडियन शिकारीच्या संस्कृतीचे. कारभारी कावेबाज होता, म्हणून सगळे ट्वी’लेक कावेबाज आणि उघड भांडण टाळणारे. एका माणसावरून अख्खी जमात. ज्यांना कॅम्पबेलच्या खंडांत आपल्या आजोबांच्या जातीचे विशेषण सापडले आहे, त्यांना ही पद्धत ओळखू येईल.

हा आक्षेप मी पूर्ण परतवू शकत नाही. ‘मी’ म्हणण्याची सोय गरजेची आहे, पुरेशी नाही. ट्रॅव्हलरच्या पुस्तकांत आणि फोर्डमध्ये खेळाडूच्या हाती निर्णय पडत होता: पैसे कोण देणार, हरलेल्या नायकाबरोबर राहायचे का. वेस्ट एंडच्या जमातींत अनेकदा हाती पडे ते फक्त एक मूळचे रूप आणि चार-दोन आकड्यांचा फरक. म्हणून टेबलाशी एक सवय रुजली, अपवाद खेळण्याची. सगळे रोडियन शिकारी, पण माझा रोडियन वैद्य. सगळे ट्वी’लेक कावेबाज, पण माझी सरळमार्गी. हा बंडखोरपणा वाटतो, पण जमातीचे विशेषण त्याने पुसले जात नाही, उलट पक्के होते, कारण अपवादाला चमकायला नियम लागतो. वेस्ट एंडच्या लेखकांनी पुढे तपशील वाढवला, इथोरियनांना जंगल वाचवणाऱ्या, कळपाने तरंगणाऱ्या शहरांचा धर्म दिला, तिथे गोष्ट सुधारली. सुरुवातीचा साचा मात्र साच्यासारखाच राहिला.

तिसरा आक्षेप साहित्यरसिकांचा: ज्याच्या तोंडून आपण ‘मी’ म्हणू शकतो तो परग्रहवासी कसला? तो मुखवटा घातलेला माणूसच. स्टानिस्लाव्ह लेमने 1961 च्या ‘सोलारिस’मध्ये ज्या समुद्राला आवाज दिला नाही, तोच खरा परका. मान्य. जे समजूच शकत नाही ते खेळता येत नाही, आणि खेळाने तो दावा केलेलाही नाही. पण क’क्रींचा गोतावळा आणि झोदानींचा तिटकारा ही माणसांच्या सवयींची नुसती रंगरंगोटी नव्हती. एखादी सवय काढून टाकली तर उरलेले कसे चालेल, हे करून पाहणे त्यात होते. मानवशास्त्रज्ञांनाही ही रीत उपयोगी वाटली. कॅलिफोर्नियात जिम फुनारो या प्राध्यापकाने 1983 पासून ‘काँटॅक्ट’ नावाच्या परिषदा भरवल्या. त्यांत शास्त्रज्ञ आणि लेखकांचा एक गट परग्रहावरची जमात रचतो, दुसरा गट माणसांची भविष्यातली तुकडी, आणि मग दोघांची पहिली भेट सगळ्यांसमोर वठवली जाते. गट पडले, भूमिका घेतल्या, आणि कागदावर बिनचूक दिसलेली जमात समोरासमोर उभी राहिल्यावर काय करते ते पाहिले.

शेवटचा आक्षेप विज्ञानाच्या नावाने येतो आणि सर्वांत जास्त वेळा येतो. जातींच्या वर्णनांशी ही तुलना अन्यायाची आहे, कारण माणसे सगळी एका प्रजातीची, तर परग्रहवासी खरोखरच वेगळ्या प्रजातींचे. लांडग्यापासून निपजलेल्यांचा स्वभाव लांडग्यासारखा असायला हरकत काय? ‘गर्प्स स्पेस’ या खेळपुस्तकाच्या 2006 च्या आवृत्तीत जॉन झायग्लर आणि जेम्स कॅम्बियास यांनी अशा प्रजाती टप्प्याटप्प्याने घडवण्याची जी लांबलचक पद्धत दिली आहे ती याच भरवशावर: अधिवास, आहार, अंगाची ठेवण, प्रजोत्पादन, आणि त्यांतून शेवटी मनाचा कल. पद्धत सुंदर आहे, तिच्यातून निघालेले प्राणी विश्वासार्ह वाटतात, आणि ट्रॅव्हलरच्या त्या प्राण्यांच्या तक्त्याचीच ती नात आहे. पण आहार आणि अंगाची ठेवण यांतून कल निघतो, समाज निघत नाही. कल आणि समाज यांच्यामधले अंतर एका विशेषणाने बुजवले की काय होते, हे आपल्याकडे कायद्याने करून दाखवले आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींचा स्वभावच गुन्हा आहे असे ठरवले, आणि तो रद्द व्हायला 1952 उजाडले. खेळात त्या तोडीचे नुकसान कुणाचे होत नाही, ही तुलना तिथेच थांबते. तरी खेळ रचणाऱ्यांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. पेझो कंपनीने 2019 च्या ‘पाथफाइंडर’मध्ये जमातींसाठीचा जुना ‘रेस’ हा शब्द सोडला, आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने 2024 च्या नियमपुस्तकात.

याच पेझोच्या 2017 च्या ‘स्टारफाइंडर’मध्ये शिरेन नावाची एक कीटकांची जमात आहे. त्यांचे पूर्वज स्वॉर्म नावाच्या, एका सामूहिक मनाने चालणाऱ्या, ग्रहामागून ग्रह फस्त करणाऱ्या टोळधाडीचा भाग होते. कधीतरी काही जण त्या मनातून सुटले. आता शिरेनांना निवड करण्यात शारीरिक सुख मिळते. जेवणात काय घ्यावे इतक्या क्षुल्लक निर्णयातही त्यांना गोडी वाटते, काहींना तर त्याचे व्यसन लागते. स्वॉर्म मात्र त्या नियमपुस्तकात शत्रूच राहिली, तिला पात्र म्हणून घेता येत नाही. दोघांचे शरीर एकाच मुळाचे, आहार, पंख, जबडे यांचा इतिहास एकच. जीवशास्त्राने स्वभाव ठरत असता तर दोघांचा सारखा असायला हवा होता. पुस्तकाने एकाला टेबलाशी बसवले आणि दुसऱ्याला बसवले नाही, फरक एवढाच.